मिरजेत तो परत आला होता

मिरज स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबा माझ्या खिडकीपाशी उभे राहिले आणि एकदम त्यांच्या रविवारच्या आवाजात बोलायला लागले. "आता शिट्टी होते आहे. मुलीजवळ दोन बॅगा आहेत. एकीत पुस्तकं, दुसरीत मेतकूट आणि चटण्या. मुलगी धीट दिसते आहे. आई रडत नाहीये, निदान तसं दाखवते आहे."

शेजारच्या खिडकीतल्या माणसानं मान बाहेर काढून पाहिलं.

"अहो, पुरे. लोक बघतायत," आई म्हणाली.

"बघू देत. वर्गणी न भरता बघतायत," बाबा म्हणाले.

मी हसले. मुंबईपर्यंत गाडी, तिथून विमान, मग मिशिगनमधलं विद्यापीठ. त्या सगळ्या प्रवासाच्या सुरुवातीला मी हसत होते, हे मला आज बरं वाटतं. गाडी हलली. आई हात वर करून मोठ्यानं म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. आणि दूध उकळून घेत जा."

हे मी मिरजेला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांसाठीही. राहिलेल्यांपैकी काहींना बाबांचा तो रविवारचा आवाज आठवत असेल. बाकीच्यांसाठी थोडं मागे जाते.

बाबा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि एक फिल्म क्लब चालवायचे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी, फिजिक्सच्या हॉलमध्ये. रिळांचे डबे पुण्याहून रेल्वेनं यायचे. लॅबमधले बापू प्रोजेक्टर चालवायचे. प्रोजेक्टर एकच होता, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, लोक पाणी प्यायचे, पुढे काय होणार यावर पैजा लावायचे, आणि दुसरं रीळ चढलं की पुन्हा अंधार. प्रेक्षकांत प्राध्यापक असत, डॉक्टर असत, पण बरेचसे आमच्या गल्लीतले असत: शाळेतल्या बाई, एस.टी.तली माणसं, सतारी बनवणारे. परदेशी चित्रपटाखाली इंग्रजी वाक्यं यायची आणि निम्म्या हॉलचं वाचून व्हायच्या आत ती पळून जायची. म्हणून बाबांनी माइक घेतला. पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून ते ती वाक्यं मराठीत बोलायचे. बायकांची वाक्यंही आधी तेच बोलत, पण बाबांच्या घोगऱ्या आवाजात नायिका लाजली की हॉल फुटायचा. तेव्हा सतारवाले इस्माईलचाचा म्हणाले, "सर, बाईंना बसवा की शेजारी. ही नायिका तमाखू खाल्ल्यासारखी बोलतीय." तेव्हापासून दुसरी खुर्ची आली. आई शाळेत गणित शिकवायची. तिनं ते कामही गणितासारखंच केलं. जेवढं लिहिलंय तेवढं, स्पष्ट, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

त्या हॉलमध्ये आम्ही ल्युक बेरोदला भेटलो.

बेरोद फ्रेंच नट. त्याचं आयुष्य बाबांनी इंग्रजी मासिकांतून तुकड्या-तुकड्यानं गोळा केलं होतं आणि जेवताना ते आम्हाला सांगत, एखाद्या लांबच्या नातेवाइकाचं सांगावं तसं. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात जन्म. वडील होडीवर स्वयंपाकी. हा सायकलच्या कारखान्यात लागला. नाटक कंपनी गावात आली तेव्हा पडदे ओढायला गेला आणि तिच्याबरोबर निघून गेला. बोलताना किंचित अडखळायचा, म्हणून त्याला वाक्यं कमी मिळत. दाराशी उभा राहणारा गुंड, बातमी आणणारा पोलीस, अशी कामं. मग कुणा दिग्दर्शकाच्या लक्षात आलं, की हा गप्प उभा राहिला तर बाकीचे काय बोलतायत याकडे लक्षच जात नाही. रुंद चेहरा, जाड भुवया, झोप न झाल्यासारखे डोळे. आमच्या गावात त्याचं नाव कुणाला म्हणता येईना. पण तो एस.टी.चे कंट्रोलर जाधव यांच्यासारखा दिसतो यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि नाव पडलं फ्रेंच जाधव. खरे जाधव एकदा येऊन पूर्ण चित्रपट बघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "उंची कमी आहे त्याची."

बाबांना बेरोद आवडण्याचं एक कारण सरळ होतं. तो कमी बोलायचा, त्यामुळे बाबांना त्याच्या गप्प बसण्यात थोडं आपलं घालायला जागा मिळायची.

बेरोदला मोठं केलं ते एका बंदराच्या चित्रपटानं. एक खलाशी बरीच वर्षं घराबाहेर. बायको गावात खाणावळ चालवते. एक दिवस तो परत येतो, गिऱ्हाइकासारखा टेबलाशी बसतो, ती त्याला ओळखूनही नुसतं सूप वाढते. बऱ्याच वेळानं ती समोर बसते. आणि शेवटी, काही दिवसांनी, तो पुन्हा बंदराकडे निघून जातो. असा तो चित्रपट आहे. पण मिरजेनं तो असा पाहिला नाही.

आमच्याकडे यायच्या आधी डबे कुठे तरी उघडले गेले होते आणि शेवटच्या दोन डब्यांची झाकणं बदलली होती. बापूंनी झाकण बघून रीळ चढवलं. तेव्हा आम्ही पाहिलं ते असं: समुद्रावर असलेला बेरोद अचानक आपल्या घरातून पिशवी घेऊन बाहेर पडतो, धक्क्यावर चालत जातो, आणि पडद्यावर फ्रेंचमध्ये 'समाप्त' अशी अक्षरं येतात. दिवे लागले. लोक चपला शोधायला लागले. तेवढ्यात मागून बापू ओरडले, "थांबा, थांबा! अजून एक रीळ आहे!"

मी तेव्हा लहान होते, आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेली. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं खांदे उडवले. बाबांनी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "मंडळी, बसा. फ्रान्समध्ये चित्रपट इथं संपतो. आपल्याकडे पुढे आहे."

लोक बसले. अंधार झाला. बेरोद घरी परत आला, टेबलाशी बसला. बायकोनं सूप वाढलं. ती समोर येऊन बसली. रीळ संपलं आणि पांढरा चौकोन पडद्यावर थरथरत राहिला, तरी कुणी उठलं नाही. परत आलेल्या माणसाला जेवायला वाढलेलं पाहिलं होतं. ते पुरेसं होतं. दुसऱ्या वर्षी बाबांनी तोच चित्रपट मुद्दाम मागवून बरोबर क्रमानं लावला, तर गाव चिडलं. "सर, हे काय? मागल्या वर्षीचा शेवट लावा." अखेर बापूंनी शेवटची दोन रिळं उलट क्रमानं चढवली. त्यानंतर आमच्याकडे तो चित्रपट नेहमी तसाच लागला.

हे दुसऱ्या वर्षीचं प्रकरण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला गोवर झाला होता आणि मी घरी होते. माझ्यासाठी बंदराच्या चित्रपटाचा शेवट एकच होता.

विद्यापीठाच्या लायब्ररीत खाली एक खोली होती, तिथे हेडफोन लावून चित्रपट बघता यायचे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात, बर्फात चालायची सवय झालेली नसताना, मी तिथे बेरोदला शोधून काढलं. पहिलं नवल म्हणजे त्याचा आवाज. बारीक, थोडा नाकातून येणारा. इतकी वर्षं मी त्याला बाबांच्या आवाजात ऐकलं होतं. त्याचा स्वतःचा आवाज कधी कानावर आलाच नव्हता. त्या आवाजाशी जुळवून घेत होते तोवर तो घरी परत आला, सूप प्यायला, आणि मला वाटलं, झालं. पण चित्रपट संपेना. तो उठला, पिशवी घेतली आणि गेला.

मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून मिरजेला फोन लावला. "बाबा, तो शेवटी जातो!"

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही..."

"मिरजेत तो परत आला होता, मनू. तू होतीस की तिथं."

मला राग आला. परक्या गावात भर थंडीत मी ज्या शेवटाच्या आधारावर उभी होते, तो एका डब्याच्या झाकणामुळे झाला होता, हे मला पटत नव्हतं. राग उतरायला वेळ लागला. पुढे माझ्या लक्षात आलं, की बेरोदही या देशात येऊन गेला होता. नाव झाल्यावर त्याला हॉलिवूडनं बोलावलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. वाक्यं नुसती कानांनी पाठ करायचा. त्याला वेटर, पत्त्यांत फसवणारा, कुठल्याशा देशाचा हेर, अशी कामं दिली आणि भरपूर बोलायला लावलं. दोनेक वर्षांत तो परत गेला. बाबा म्हणायचे, "तिकडे त्याला वाक्यं दिली गं, पण गप्प राहू दिलं नाही." मीटिंगमध्ये माझा अ‍ॅक्सेंट न कळून कुणी तरी 'सॉरी?' म्हटलं, की मला ते आठवायचं. परत गेल्यावर बेरोदनं पोटासाठी वाईट पोलीसपट केले, बरेच केले. मग म्हातारा झाल्यावर पुन्हा त्याला चांगली कामं मिळाली: आजोबा, घड्याळजी, एक आंधळा माळी. बाबांना या भागाचं फार समाधान होतं. "बघ, मध्ये सगळं फुकट गेलं असं वाटत होतं. ते सगळं चेहऱ्यावर जमा होत होतं."

मी परत गेले नाही. नोकरी लागली, मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात राहायला आले. मी गाड्यांच्या क्रॅश टेस्टची सिम्युलेशन्स करते. कॉम्प्युटरवर गाडी भिंतीवर आपटते आणि आतल्या बाहुल्याच्या बरगड्यांचं काय होतं ते बघते. घर घेतलं, मॉर्गेज घेतलं, ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं ओढायला शिकले. मुलगी झाली, ईरा. ती माझं मराठी पूर्ण समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मिरजेला दर रविवारी फोन होत राहिला. फिल्म क्लब केव्हाच बंद पडला होता. तरी बाबा फोनवर कधी कधी तो आवाज काढायचे: "आता आई फोन घेते आहे. फोडणीचा वास येतो आहे, तो तुम्हाला येणार नाही."

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. दुपारी झोपले, उठले नाहीत. मी पोचले तेव्हा घरात माणसं होती आणि आई सगळ्यांना चहा झाला का विचारत होती. त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसात जेवताना फोनवर बातमी दिसली, की बेरोद वारला. नव्वदीच्या पुढचा होता. पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की बाबांना सांगायला हवं. डबा तसाच ठेवून मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले.

गेल्या वर्षी आईला इकडे आणलं. व्हिजिटर म्हणून आली, सहा महिन्यांसाठी, पण माझ्या मनात तिला ठेवून घ्यायचं होतं. खालच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी केली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. ती कशाला नाही म्हणाली नाही आणि हो पण म्हणाली नाही. गप्प झाली होती. बडबडी ती कधीच नव्हती, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. ईराशी, माझ्याशी, विचारलं तेवढं. पुस्तक उघडून पान न उलटता बसायची. मी तिला मिरजेच्या फ्लॅटमध्ये एकटी, अशीच बसलेली डोळ्यांसमोर आणायचे आणि ठरवायचे, की जाऊ द्यायचं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात मुलांकडे आलेले बरेच आई-वडील असतात. त्यांची बुधवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत बैठक भरते. मी विचारलं, बेरोदचा बंदराचा चित्रपट लावू का? लोकांनी होकार दिला. मी सुट्टी घेतली, ईरालाही बरोबर नेलं, डीव्हीडी लावली, पडदे ओढले. आई दुसऱ्या रांगेत कडेला बसली.

थोड्याच वेळात नागपूरचे वानखेडे काका कुरकुरले. "अहो ताई, हे खालचं पळून राहिलं न. वाचू का पाहू?"

"तुम्ही झोपा काका, तुमचं तेच बरं," परांजपे काकू म्हणाल्या. त्या ठाण्याच्या.

"झोपलोच असतो. पण ही बाई काय बोलली ते समजलं पाहिजे न."

पडद्यावर खाणावळवाली गिऱ्हाइकावर ओरडत होती. आणि अंधारातून आईचा आवाज आला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "'काल उधारी, आज उधारी. समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?' असं म्हणतेय."

सगळे हसले. आई पुढचं वाक्य बोलली. मग त्याच्या पुढचं. शेजारणीची, सासूची, मासे विकणारीची, सगळ्या बायकांची वाक्यं ती बोलत गेली. पुरुष बोलले की थांबायची. बेरोद पडद्यावर आला, बोलला, आणि खोलीत शांतता. पुन्हा बोलला, पुन्हा शांतता. मी भिंतीपाशी उभी होते आणि मला ती रिकामी जागा सहन होईना.

"ह्याला मुका केला काय?" वानखेडे काकांनी विचारलं.

आई पडद्याकडेच बघत होती. बेरोद टेबलाशी बसला होता. खाली वाक्य आलं. मी ते म्हटलं. "'जे असेल ते वाढ.'" माझा आवाज अगदीच चिरका निघाला.

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मोठ्यानं," ती म्हणाली. "मागे ऐकू जात नाही."

मग आम्ही दोघी बोलत राहिलो. मी त्याचं, ती तिचं. आई आता वाचतही नव्हती असं मला वाटतं. टेबल, सूप, समोर येऊन बसणं, सगळं झालं. मग तो उठला, पिशवी घेतली. मूळ चित्रपटात इथं दोघांनाही वाक्य नाही. ती दारात उभी राहते, तो चालत जातो. मी गप्प राहिले. आई बोलली.

"'जा तू. दार लोटून ठेवीन, कडी लावणार नाही. पण उंबऱ्यात बसून राहायला मला वेळ नाही. संध्याकाळी माणसं जेवायला येतात माझ्याकडे.'"

पडद्यावर 'समाप्त' आलं. ईरानं दिवे लावले. काकू डोळे पुसत होत्या आणि वानखेडे काका विचारत होते, "अन् मग? येते का नाही वापस?"

"मिरजेत येतो," आई म्हणाली. आणि उठून तिनं त्यांना डब्यांच्या झाकणांची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, बापूंच्या ओरडण्यासकट.

घरी येताना मी ड्राइव्ह करत होते. आई म्हणाली, "मनू, माझं तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे."

"आई, तिकडे एकटी काय करशील?"

"इथं काय करते?" ती म्हणाली. मग म्हणाली, "हे गेल्यापासून मी गप्प झाले असं तुम्हाला वाटतं. मी गप्प नव्हते गं. त्यांच्या वाक्याची वाट बघत होते. सवय आहे ना, आधी ते, मग मी. आज तू त्याचं बोललीस, तेव्हा मला पुढचं सुचलं."

"मग राहा. मी बोलत जाईन."

"तू ऑफिसला जातेस. आणि इथली माणसं सहा महिन्यांनी बदलतात. ज्यांना आमचं जुनं ठाऊक आहे, तीच माणसं मला हवीत."

मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, "Mom, let her go. She was so good today."

"काय म्हणते ती?" आईनं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"जाऊ दे म्हणते."

"शहाणी आहे," आई म्हणाली.

मी सिग्नलला थांबले होते. हरकत घ्यायला माझ्याकडे एकच कारण उरलं होतं, की मला ती हवी होती. ते मी बोलले नाही. तिला ठाऊक होतं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सिग्नल हिरवा झाल्यावर काढून घेतला.

आता आई मिरजेला आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी चित्रपट लावते. भिंतीवर पांढरी चादर, कुणा भाडेकरूचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर. शाळेतल्या त्या बाई, आता निवृत्त झालेल्या, येतात, इस्माईलचाचांचा मुलगा येतो, नवी माणसंही येतात. पुरुषांची वाक्यं बोलायला एका निवृत्त सरांना बसवून पाहिलं, पण ते मध्येच स्वतःची मतं सांगायचे. मग आईनं मला विचारलं. त्यांची संध्याकाळ ती आमची सकाळ. मी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसते, समोर तोच चित्रपट, कानाला फोन, आणि तिकडे माझा आवाज स्पीकरवर. चित्रपटात मूल असेल तर ईरा बोलते. तिचं मराठी अडखळतं. आई म्हणते, अडखळू दे, मुलं अडखळतातच.

एक अडचण आहे. माझा आवाज उशिरा पोचतो. बेरोद बोलून ओठ मिटतो, भिंतीकडे वळतो, आणि मग मिरजेत त्याचं वाक्य ऐकू येतं. पहिल्या वेळी मी फार खजील झाले, सारखी सॉरी म्हणत राहिले. आई म्हणाली, "अगं, सॉरी कसलं? थांबतात की लोक."

आणि ते थांबतात. मला फोनमधून ती शांतता ऐकू येते: पंख्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, खुर्ची सरकवल्याचा. कुणी बोलत नाही. घर कुठे, असं आता कुणी विचारलं तर मला ती शांतता आठवते. माझं वाक्य वाटेत आहे हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते पोचेपर्यंत आई पुढचं म्हणत नाही.